उत्तरेची भिंत

बिबवेवाडीतलं आमचं घर पहिल्यांदा बघणारा माणूस दचकायचाच, आणि दचकल्याचं लपवून ठेवायची पुण्यात पद्धत नाही. रस्त्याच्या अंगाला त्या घराला खिडकी नव्हती. एकसुद्धा नाही. झरोका नाही, गॅलरी नाही, दारही नाही. दार होतं बाजूच्या बोळात, आणि ते सताड उघडं टाकलं तरी डोकावणाऱ्याला समोर आणखी एक भिंतच दिसायची, तिला वळसा घालून मग आत यायचं. रस्त्यावरून दिसायची ती नुसती दीड हात जाडीची, चुन्याने घोटलेली कोरी भिंत आणि वर गच्चीतून निघालेलं एक चौकोनी धुराडं. नवा पोस्टमन भिंतीसमोर सायकल लावून शेजाऱ्यांना आमचाच पत्ता विचारत असे. कोपऱ्यावरचे लिमये सकाळी फिरायला जाताना अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचे की तोफा कधी येणार आहेत. धुराडं उभं राहिलं तेव्हा त्यांनी भट्टी बेकरीची की लॉन्ड्रीची एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले.

त्या धुराड्यातून धूर कधी गेला नाही, वारा यायचा. त्याचं तोंड पश्चिमेला होतं. उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तो त्या तोंडातून आत शिरायचा, उभ्या पोकळीतून खाली मधल्या खोलीत उतरायचा आणि तिथे मांडलेल्या ओल्या माठांवरून जाताना गार व्हायचा. घराच्या मधोमध चौक होता आणि सगळ्या खोल्या चौकाकडे तोंड करून बसलेल्या. चौकाच्या फरशीखाली पाण्याचं टाकं, आपल्याकडे गडावर असतं तसलं, त्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी साठायचं. गच्चीवर फुटक्या कपबशांचे आणि पांढऱ्या फरश्यांचे तुकडे चुन्यात बसवलेले, ऊन परतवून लावायला. आजूबाजूचे लोक मे महिन्यात पंख्याखाली उकडत असायचे आणि आम्ही दुपारी पातळ चादर ओढून झोपायचो. धुराड्यात पारवे राहायचे आणि त्यांचं घुमणं थेट आमच्या उशाशी उतरायचं. आई वाळवंटातून शिकून आलेली राबडी करायची, ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ, रात्रभर माठात गार केलेलं, आणि सोबत सुक्या बोंबलाची चटणी. हे असलं जेवण जगात फक्त आमच्याच घरी होत असावं.

आता ह्या सगळ्याला सस्टेनेबल म्हणतात आणि ते ऐकायला लोक मला फी देतात. मी जन्मभर घरं काढली. कोथरूडला, बाणेरला, कुठे कुठे. हिंजवडीकडे गेले की पश्चिमेला डोक्यापासून पायापर्यंत काच लावलेल्या इमारती दिसतात आणि आत माणसं थंडीने स्वेटर घालून बसलेली असतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. नातेवाईक म्हणतात, तू रिटायर झालीस, आता तरी शांत बस. पण जे शिकले ते त्या एका घरात शिकले, आणि त्या घरातली एक गोष्ट चुकीची शिकले होते. ती कशी दुरुस्त झाली ते आज सांगून टाकते.

अप्पा सरकारच्या जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या खात्यात होते. मी अगदी लहान असताना त्यांची बदली राजस्थानात सरहद्दीजवळच्या एका गावात झाली आणि आम्ही तिथे एका मोठ्या दगडी घराचा पुढचा भाग भाड्याने घेऊन राहिलो. अप्पांनी त्या घरावर जीव टाकला. रोज संध्याकाळी टेप घेऊन भिंतींची जाडी मोज, चौकातली सावली कुठवर सरकते ते खडूने आखून ठेव, असा त्यांचा उद्योग चालायचा. पुण्याला बदली होऊन सरकारी नोकरांच्या सोसायटीत प्लॉट मिळाला तेव्हा ते घर त्यांनी डोक्यातून आणलं आणि बिबवेवाडीत उतरवलं. मला मात्र त्या गावाची एकच गोष्ट नीट आठवत होती, आणि ती माझी सगळ्यात आनंदाची आठवण होती. एका सकाळी आमच्या गल्लीतून पाणी वाहत होतं. त्या रखरखीत वाळूत, जिथे पाण्याच्या टाक्याला कुलूप असायचं, तिथे बादल्याच्या बादल्या कोणीतरी रस्त्यावर ओतत होतं आणि मी फ्रॉक वर धरून त्या पाण्यात नाचत होते. आई मला आत ओढत होती आणि मी येत नव्हते. ही आठवण मी शाळेत निबंधातसुद्धा लिहिली होती.

आईचं आणि त्या रस्त्याकडच्या भिंतीचं कधी जमलं नाही. घराच्या गारव्याबद्दल तिची तक्रार नव्हती, पण पुढच्या खोलीत सकाळी अकरा वाजता दिवा लावावा लागायचा आणि तिथे बसून तांदूळ निवडताना तिला रस्त्याचा आवाज यायचा, रस्ता दिसायचा नाही. भाजीवाला आला, बोहारीण आली, शाळा सुटली, सगळं कानांनी ओळखायचं. गच्चीचा कठडाही तिकडच्यासारखा डोक्याएवढा उंच. लग्नाची वरात आली की आई तेलाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर उभी राहायची आणि कठड्यावरून नवरीचं तोंड बघायची. पदर सावरत, एका हाताने कठडा धरून. दर दिवाळीच्या सफेदीला ती म्हणायची, अहो, ह्या भिंतीला एक खिडकी काढू या. आणि दर वेळी अप्पा म्हणायचे, ऊन येईल, धूळ येईल, घराचं सगळं गणित बिघडेल. मी अप्पांच्या बाजूची. गणित बिघडून कसं चालेल?

त्यामुळे मी आर्किटेक्चरला गेले यात कोणालाच नवल वाटलं नाही. तिसऱ्या वर्षी आम्हाला एका कुटुंबासाठी कमी खर्चाचं, विजेशिवाय गार राहणारं घर काढायचं काम दिलं, आणि मी अर्थातच आमचं घर काढलं. चौक, टाकं, वाऱ्याचं धुराडं आणि रस्त्याकडे, उत्तरेला, आंधळी भिंत. आमच्या इनामदार मॅडमनी बाकीच्यावर बरोबरच्या खुणा केल्या आणि त्या भिंतीभोवती लाल पेन्सिलीने गोल केला. का, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरी आहे, तुम्ही येऊन बघा. मॅडम खरंच आल्या. एका सुटीच्या दुपारी, वर्गातल्या चार-पाच जणांना घेऊन.

अप्पांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी धुराड्याखाली उभं राहून केस उडवून घेतले, टाक्याचं झाकण उचलून आत हाक मारून बघितली, गच्चीवर अनवाणी चालून पाय पोळत नाहीत याची खात्री करून घेतली आणि अप्पांना म्हणाल्या की हे घर पुस्तकात यायला हवं. अप्पा नुसते फुलले होते. मग सगळे पुढच्या अंधाऱ्या खोलीत आले. मॅडमनी उत्तरेच्या भिंतीवर तळवा ठेवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "गारच असणार. हिच्यावर ऊन येतच कुठे? मग ही इतकी जाड भिंत अडवते काय?"

धूळ, असं अप्पा म्हणाले. मॅडमनी विचारलं, वारा पश्चिमेचा, धुराड्याचं तोंडही पश्चिमेला, मग धूळ उत्तरेकडून कशी येईल? मी मध्ये तोंड घातलं, वाळवंटात असंच करतात म्हणून. मॅडम शांतपणे म्हणाल्या की वाळवंटातही उत्तर उघडी ठेवतात, उजेडासाठी तीच एक दिशा बिनउन्हाची असते. मी अप्पांकडे बघितलं. ज्या माणसाने सावलीची बोटबोट मोजली होती, त्याला उत्तर दक्षिण माहीत नसेल हे शक्यच नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, त्या गार खोलीत. तेवढ्यात आई पन्ह्याचे पेले घेऊन आली.

"ऊन अडवायला नाही बांधली ती," आई म्हणाली. "लोकांनी आत बघू नये म्हणून बांधलीय. पन्हं घ्या."

अप्पांनी चपला पायात सरकवल्या आणि बोळातून बाहेर निघून गेले. मॅडमनी पन्हं पूर्ण प्यायलं, छान झालंय म्हणाल्या, मुलांना घेऊन निघाल्या आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मला भयंकर राग आला होता. चार लोकांत माझ्या वडिलांना असं तोंडघशी पाडायचं? मी आईला तसं बोलले. आई पेले विसळत होती. तिने हात पुसले आणि मला बसवून त्या गल्लीतल्या पाण्याची गोष्ट सांगितली.

त्या गावात आमच्या आडनावावरून कोणाला काही कळत नव्हतं. महाराष्ट्रातले सरकारी बाबू, एवढीच ओळख. आमच्या पुढच्या खोलीला गल्लीकडे एक सुरेख खिडकी होती, दगडात कोरलेल्या जाळीची, आणि आई दुपारी तिची झडप उघडून बसायची. खोलीत आमचे दोन फोटो. एक बुद्धाचा, आणि दुसरा, प्रत्येक बौद्ध घरात असतो तो. घरमालकाकडे लग्न होतं, पाहुणे आले होते. त्यातल्या कोणीतरी शहरात राहणाऱ्याने जाता जाता खिडकीतून आत बघितलं आणि दुसरा फोटो ओळखला. संध्याकाळी मालक दारात येऊन अप्पांना नुसतं विचारून गेला. अप्पा खरं तेच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने चौकातल्या टाक्याचं कुलूप काढलं आणि टाकं उपसायला माणसं लावली. त्यातलं पाणी आम्ही इतके महिने शेंदून प्यायलो होतो, म्हणून. वर्षभराचं पाणी. तळ दिसेपर्यंत बादल्या भरभरून त्यांनी ते गल्लीत ओतलं, आणि अप्पा त्या गावासाठी पाणी शोधायला आलेले होते.

"तू नाचत होतीस," आई म्हणाली. "मी तुला ओढत होते आणि तू माझा हात चावलास."

त्या पाण्याचा गारवा मला पायांना आठवत होता, फ्रॉकचा रंग आठवत होता, माझं हसणं आठवत होतं. अजून आठवतं. इतकी वर्षं झाली, पण नळाखाली पाय धुताना कधीकधी एकदम ते आठवतं आणि मी पाय बाहेर घेते. माणसाची सगळ्यात सुखाची आठवण अशी एका दुपारीत नासते, आणि तिच्या जागी दुसरी ठेवायला काही नसतं.

अप्पांचं सगळं मला तेव्हा उलगडलं. त्यांनी त्या घराचा राग धरला नाही. भिंती घेतल्या, चौक घेतला, वारा घेतला, स्वतःचं टाकंसुद्धा घेतलं, म्हणजे कोणाच्या पाण्याला हात लावायला नको. फक्त खिडकी सोडून दिली. त्यांच्या हिशेबी आमचा घात खिडकीने केला होता. आणि ही भीती त्यांनी इतकी व्यवस्थित, मापात, जाडी-उंची काढून बांधली की तिला आम्ही शास्त्र समजलो.

ते दोन दिवस अप्पा माझ्याशीही बोलले नाहीत आणि आईशीही नाही. जेवायला बसायचे, ताटातलं संपवायचे, उठायचे. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून घरी आले तर बोळातूनच ठोक्यांचे आवाज येत होते. पुढच्या खोलीत पांढरी धूळ, दगडांचा ढीग, आणि उत्तरेच्या भिंतीत आरपार भगदाड. गवंडी पहारीने कडा साफ करत होता आणि आई नाकाला पदर लावून शेजारी उभी होती. मी ओरडलेच. आधी सुचलं ते इतकंच की वरच्या भिंतीचा भार कशावर घेतलाय. गवंड्याने वर बोट दाखवलं, आधी लोखंडी गर्डर सरकवूनच खाली फोडलं होतं. मग मला दुसरं सुचलं, की अप्पा येतील.

"येऊ देत," आई म्हणाली. "त्यांनी भिऊन बांधली, ते मला कळतं. मी काही बोलले नाही. पण तू ती भिंत कागदावर काढलीस. उद्या लोकांची घरं बांधशील आणि त्यांच्या बायकांनापण असल्याच भिंती देशील, वर त्यांना सांगशील की हे गारव्यासाठी आहे."

मी खाली दगडांवर बसले. त्या भगदाडातून उजेड आत आला होता, ऊन नव्हे, नुसता स्वच्छ उजेड, आणि त्या खोलीच्या फरशीचा रंग हिरवट आहे हे मला पहिल्यांदा कळलं. आमच्या घरात, आमच्याच खोलीत. गवंडी हत्यारं गोळा करून गेला. आईने झाडू घेतला. अप्पांची यायची वेळ झाली होती. त्या भिंतीमागे माझे वडील धड राहिले होते. आता ते कसे राहणार, हे मला खरोखरच कळत नव्हतं.

अप्पा आले ते बोळातून न येता रस्त्यातच थबकले असणार, कारण त्यांच्या चपलांची ओळखीची फटफट अचानक थांबली. मग ते आत आले. डब्याची पिशवी हातात तशीच. त्यांनी भगदाडाकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्याच वेळी समोरच्या ताराकाकू रस्ता ओलांडून आल्या. आमची सोसायटी झाली ती ज्या मळ्याच्या जमिनीवर, त्या मळेवाल्यांच्या ह्या सूनबाई. त्यांचं जुनं घर आणि विहीर तेवढी समोर राहिली होती. त्यांनी येऊन सरळ भगदाडात कोपरं टेकली आणि आत नजर फिरवली. समोरच्या भिंतीवर आमचे दोन फोटो.

अप्पा हलले. दोन पावलं मागे सरकून फोटोंच्या पुढे उभे राहिले. खांदे रुंद करून, पिशवी छातीशी धरून, दोन्ही फोटो झाकले जातील असे. ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. माझे वडील, ज्यांनी मला ताठ मानेने चालायला शिकवलं, ते एका बाईच्या नजरेपुढे देवाहून मोठ्या अशा आमच्या माणसांना पाठीमागे लपवत होते, आणि त्यांचा चेहरा भेदरलेल्या पोरासारखा झाला होता. मला रडू फुटलं.

ताराकाकूंना काही समजलं नसावं. त्या म्हणाल्या, "सरका की वो दादा जरा. फोटू बघतीया. आन् लपवताय कुनापासनं? आमाला ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?" अप्पांनी विचारलं.

"तुमी कोन ते. पाया भरत हुता तवापासनं. तुमच्या मालकिनीनंच सांगितलं न्हवं का हिरीवर."

घर बांधताना पाणी ताराकाकूंच्या विहिरीवरून यायचं, हे मला माहीत होतं, बाकीचं मागाहून कळलं. पहिल्याच दिवशी आई कळशी घेऊन तिथे गेली, ताराकाकूंनी विचारलं, तुमी कोन, आणि आईने सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध, चालत असेल तर पाणी भरते, नाहीतर दुसरीकडे बघते. ताराकाकूंच्या सासूबाई कुरकुरल्या, दोन दिवस दोर लपवून ठेवला, मग कुरकुर थांबली. सगळ्यांचं मन साफ होतं असं मी म्हणत नाही. गल्लीतली काही माणसं आमच्याकडे कधीच आली नाहीत, आणि ती भिंतीमुळे आली नाहीत की माहीत होतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. पण माहीत सगळ्यांना होतं. लिमयांनासुद्धा. ती भिंत चढत होती, चुना कालवला जात होता, अप्पा ओळंबा लावून एकेक थर तपासत होते, तेव्हाच माहीत होतं.

अप्पा आईकडे वळले. "तू सांगितलंस? तिकडे तसं झाल्यावरही?"

"विचारलं त्यांनी. आधी सांगून मग पाणी घेतलं. परत कोणाला टाकं उपसायला लागायला नको."

"मग मला का नाही बोललीस? इतकी वर्षं ह्या अंधारात बसलीस."

आई झाडू टेकवून उभी राहिली. "तिकडून आल्यावर तुम्ही रात्र रात्र जागे असायचा. ही भिंत उभी राहिली आणि तुम्हाला झोप लागायला लागली. मग कसं बोलू?"

अप्पांनी पिशवी खाली ठेवली. ते आईकडे असे बघत होते की ही बाई कोण, कधीपासून ह्या घरात राहते. ताराकाकू कोपरं टेकून उभ्याच होत्या, कधी आईकडे, कधी अप्पांकडे बघत. रस्त्यावरून कोणाची तरी स्कूटर गेली, चालवणाऱ्याने मान वळवून आत बघितलं आणि अप्पा दचकून पुन्हा ताठ झाले, फोटोंपुढे.

आईने पदराने आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग जवळ जाऊन अप्पांच्या शर्टावरची धूळ झटकली.

"सरका आता," ती म्हणाली. "त्यांनापण जरा बाहेरचं दिसू द्या."